पहिलं शीट

कुपवाड,
दि. ११ डिसेंबर २०२४

ती. आत्तींना सून संयोगिताचा नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळून घेताय ना? माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. सोनिया वाचून दाखवील. सोने, आज्जी "पुरे" म्हणाली तरी थांबायचं नाही आणि काही गाळायचं नाही. काकूची शपथ आहे तुला.

पाकिटावर तुमच्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही. विसरले नाही मी. माझ्या नावाला ते चिकटलेलं मला आवडत नाही, मग तुमच्या नावाला कशाला चिकटवू?

तर जीप पोचली. वीरधवल भावोजींना मुद्दाम सांगा. हे गेल्यापासून दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, भावोजींनी भंगारवाल्याला शब्दसुद्धा दिला होता, ती आपली वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी जीप सांगलीहून निघून आंबोलीनं गोव्यात उतरली, कोकणातून वर पोलादपूरला आली, आंबेनळी घाट चढली आणि महाबळेश्वर, मेढा, सातारा करत परत सांगलीला आली. रॅली जुन्याच गाड्यांची होती, पण आमच्याइतकं खटारं कुणाचंच नव्हतं. पुण्याच्या एकानं तर विचारलं, "ही चालते का ओढत आणलीय?" राजनंदिनी म्हणाली, "तुमची बंद पडली की ओढाया हीच यील." आणि आत्ती, राजापूरच्या अलीकडं त्याच्या गाडीनं खरंच मान टाकली, अन् आम्हीच ओढून नेली. त्याचं तोंड बघायला तुम्ही हव्या होता!

राजनंदिनी आणि माया या माझ्या उंब्रजच्या शाळेतल्या मैत्रिणी. तुम्ही त्यांना उंडग्या म्हणता. त्यातली एक उंडगी इथं कुपवाडात कारखान्यात मशीन चालवते, दुसरी साताऱ्यात शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. गोव्याच्या अलीकडं रेडिएटर गळायला लागला तर राजनंदिनी म्हणाली, त्यात हळद टाक. मी टाकली, माझ्या हातानं. गळती थांबली. मी हळदीला हात लावला म्हणून इंजिनाचं काही वाईट झालं नाही.

आता दुसरं. गाडी माया चालवणार असं मी तुम्हाला सांगितलं होतं. चालवली मीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गेलं वर्षभर मी साताऱ्याला शिवणक्लासला जात होते ना, तिथं सुईत दोरासुद्धा ओवला नाही. मायाकडं गाडी शिकत होते. लायसन झालं, प्रवासी गाडीचा बॅजसुद्धा झाला. "शिवल्यालं दाव की" म्हणून तुम्ही लय मागं लागायचा. काय दाखवणार, कपाळ! पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.

खरी गंमत शेवटच्या दिवशी झाली. केळघर घाट उतरून आम्ही मेढ्याकडं येत होतो. रॅलीचा नियम असा, की नाव लागलंय तीच माणसं गाडीत, आणि ठरल्या वेळेत साताऱ्यात हजर. पण बाजारचा दिवस होता. आपली जीप या रस्त्याला कुणाला ओळखू येत नाही? फाट्यावर माणसांनी लांबूनच ओळखली. "विश्वजितची गाडी आली!" म्हणून हात वर. माया ओरडली, "थांबू नगंस, येळ चाललाय!" माझा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. विचारायला तोंड उघडतेय तोवर पिशव्या, कोंबड्या, माणसं सगळी आत. रॅलीचा नंबर दारावर चिकटवलाय तो कुणी बघितलासुद्धा नाही.

एक म्हातारी तेवढी बाजूला उभी राहिली. राहीबाई नाव तिचं. मी म्हटलं, "या की आजी, पुढं शीट हाय."

"आदी कुनी तरी पुढं बसूंदे बाई. माजी भवानी नगं तुला."

पुढं कुणी बसलेलंच नव्हतं. सगळी मागं शिरलेली. पुढचं ते सकाळचं पहिलं शीट, दिवसाची पहिली कमाई, ती विधवेची नको, हे त्या म्हातारीला कुणी सांगावं लागत नव्हतं. मी म्हटलं, "आजी, गाडी चालवणारी बी तसलीच हाय. बसा." तिनं माझ्याकडं बघितलं, स्टेअरिंगकडं बघितलं आणि म्हणाली, "मग तुजं तू बघ, माजं मी बघते." आणि बसली की ऐसपैस! मेढ्यापर्यंत तिची बडबड थांबली नाही.

आत्ती, मला तिथं तुम्ही दिसत होता. दारात स्वतःच्या मुलाची गाडी, आणि दर बाजारी तुम्ही पुढं चालत जाऊन रस्त्यावरच्या मोरीपाशी उभ्या. ह्यांनी चार माणसं भरली की मग हात करायचा आणि मागच्या फळीवर बसायचं. पोटचा पोरगा, पण पहिलं शीट म्हणून आईला घेत नव्हता. मी एकदा बोलले तर तुम्हीच दटावलंत, "त्येचा धंदा हाय. माज्या पायगुणानं नासाया नगं." माणूस लय चांगला होता. त्यांच्यावर माझा जीव होता, आजही आठवण आली की रडते. पण या एका गोष्टीचा राग मला आहे तो आहे. ते असते तर त्यांच्याशी भांडले असते.

मेढ्यात सगळी उतरेपर्यंत आमची वेळ गेली. साताऱ्याच्या तपासणीत नियम मोडला म्हणून आम्हाला बाद केलं. माया दिवसभर फणफणत होती माझ्यावर. मी म्हटलं, करा बाद. तरी गाडी सांगलीपर्यंत आणलीच.

माणसं उतरली तेव्हा मेढ्याच्या स्टँडवर गुंडाभाऊ होते, वडापच्या लाइनीचे नंबर लावतात ते. म्हणाले, "वहिनी, हौस झाली न्हवं? आता लावा गाडी घरी."

"हौस न्हाई भाऊ. लाइनीत माझा नंबर कितवा ते सांगा."

"आवं, पर सकाळच्या पारी तुमी गाडीवर म्हंजे... मानसं बसतील व्हय?"

"आत्ता उतरली ती कोन हुती मग? कोंबड्या?"

बाकीचे ड्रायव्हर खाली बघत हसले. एक जण पुटपुटला, त्याचं मी ऐकून घेतलं नाही. गुंडाभाऊंनी तंबाखू मळली, झाडली आणि म्हणाले, "शेवटला लावा." शेवटचा तर शेवटचा. भंगारवाल्याला भावोजींनी निरोप द्यावा, उगाच हेलपाटा नको त्याला.

निघायच्या दिवशी तुम्ही पूजेचं ताट माझ्या हातातून काढून सोनियाच्या आईला दिलंत आणि म्हणालात, "गाडी घिऊन गेलीस तर या दारात परत येऊ नगं." मी येणार आहे. पुढच्या बाजारादिवशी सकाळी गाडी दारात लावते. मोरीपाशी नाही, दारातच. गल्ली बघंल, बघू दे. पुढचं शीट तुमचं. तुम्ही बसलात की गाडी निघेल. नाही बसलात तर मी इंजिन चालू करणार नाही, मागची माणसं शिव्या देत उतरून गेली तरी. दुसऱ्या कुणाची भवानी मी घेणार नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माझा धंदा नासायचाच असला तर तो तुम्ही न बसल्यानं नासेल. बघा आता.

तुमची वाट बघत दारात उभी राहणारी,
संयोगिता विश्वजित
ड्रायव्हर, मेढा लाइन