औषधांच्या वर्गात मी मामा झाले

ती. मामांना,

थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडची खुशाली विचारणार होते, पण मागच्या फोनवर तुम्ही स्वतःच सांगितलंत की तुम्ही ठणठणीत आहात. इतके, की मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करून मोकळे झालात. वर मामीला यातलं काही बोलू नकोस अशी तंबीही दिलीत. मी बोलले नाही. पण त्यानंतर कधीही फोन केला तरी मामी शेजारी असते आणि तुम्ही नुसतं हं, हं, छान छान करता, म्हणून शेवटी कागद घेतला.

तर झालं असं, की आमच्या केंद्राने आम्हा समुपदेशकांना मानसिक आजारांवरच्या औषधांची तोंडओळख करून घ्यायला पाठवलं. गोळ्या लिहून देणं आमचं काम नाही, आम्ही ऐकून घेणारी माणसं. (घरी माझं कोण ऐकतं, तो विषय वेगळा.) पण समोरचा कसली गोळी घेतो, तिने त्याला गुंगी येते की घशाला कोरड पडते, एवढं तरी आम्हाला कळावं हा हेतू. शिकवायला एक डॉक्टरबाई होत्या. त्यांचा आवाज इतका शांत, की गोळी न घेताच निम्म्या वर्गाला गुंगी आली. माझ्या शेजारी आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांना आम्ही 'अनुमोदन' म्हणतो, कारण समोरचा काहीही बोलो, त्यांची मान डोलते. पहिल्या दिवशी दुष्परिणाम शिकून झाले आणि चहाच्या सुट्टीत ते सगळे आम्हालाच जाणवू लागले. अनुमोदन तर हात थरथरतोय म्हणून घाबरेघुबरे झाले (कप काठोकाठ भरला होता, हे मागाहून लक्षात आलं). घरी येऊन मी नवऱ्याला जांभई देताना पकडलं आणि हल्ली कुठलं औषध चालू आहे असं विचारलं. तो म्हणाला, औषध काही नाही, तुझं बोलणं ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी आम्हाला छोटे प्रसंग वठवून दाखवायचे होते. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडून दिलेला रुग्ण मी, आणि समुपदेशक अनुमोदन. मला तयारी कसली करायची होती, मामा? मी तुम्हालाच आणून बसवलं. घड्याळं दुरुस्त करायला दुकानातल्या स्टुलावर बसता तशी पाठ वाकवली आणि फोनवरचा तुमचा एकेक मुद्दा बाहेर काढला. चालू झालेलं घड्याळ कोणी पुन्हा उघडून बघतं का? ताप उतरल्यावर थर्मामीटर काखेत घेऊन कोणी फिरतं का? गोळीने घशाला कोरड, चहाला चव नाही, भर दुपारी गिऱ्हाइकासमोर डुलकी. आणि तुमचा तो हुकमी मुद्दा, की बरा झालो तो गोळीने की माझ्या स्वभावाने, हे एकदा कळायला नको का? अनुमोदन आधी नेहमीसारखी मान हलवत होते. मग विचारात पडले. मग म्हणाले, "खरं सांगू? तुमचं बरोबर आहे. कशाला घ्यायच्या गोळ्या?" वर्गात हशा पिकला, मागून टाळ्या पडल्या आणि मी आपली उगाच खूश.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की बरं वाटतं ते बरेचदा गोळी चालू असते म्हणून. ती सोडल्यावरही काही काळ बरं वाटत राहतं, माणसाला वाटतं आपण जिंकलो, आणि मग दुखणं हळूच परत येऊन बसतं. गोळ्या कमी करता येतात, बदलता येतात, पुढे बंदही होऊ शकतात, पण डॉक्टरांना विचारून, बेताबेताने. घशाची कोरडसुद्धा त्यांनाच सांगायची. समुपदेशकाने घ्या म्हणायचं नाही, सोडा म्हणायचं नाही. ऐकून घ्यायचं आणि डॉक्टरांकडे धाडायचं. मग सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "हा माणूस तुमचा कोण?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मामा. आणि मला रडूच आलं.

कारण मला तुमच्या दुखण्याची मागची खेप आठवली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले, दाढी वाढलेली. मामी रोज सकाळी दुकान उघडून गिऱ्हाइकांना सांगायची, आज बसत नाहीत, उद्या या. मी आले, तुम्ही ओळखलंत, पण एक शब्द बोलला नाहीत. एरवी एका केसाएवढ्या स्प्रिंगवर तासभर बोलणारा माणूस! मामा, मला त्याची फार भीती वाटते. तुमच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तरं नाहीत आणि वादात तुम्ही मला आजवर जिंकू दिलेलं नाही, म्हणून वाद घालत नाही.

बाकी सगळं ठीक.

तुमची,
थोरली भाची

ता. क. – डॉक्टरांना जाऊन फक्त एवढं सांगा, की गोळ्या बंद केल्या. आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. ते रागावले तर माझं नाव पुढे करा.

आणखी एक ता. क. – एवढ्याशा गोष्टीला पानंच्या पानं कशाला, असं वाटलं असेल. एका पानापेक्षा मोठं पत्र आलं की तुम्ही ते मामीच्या हातात देता आणि डोळे मिटून ऐकत बसता, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पहिल्याच पानावर तिचा आवाज थांबला असेल, तेव्हा डोळे उघडले असतील तुमचे. पण मी शब्द पाळला, मामा. मामीला मी चकार शब्द बोललेले नाही.

शेवटचा ता. क. – मामी, रागवायचं ते नंतर रागव. आधी यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. दुकान एक दिवस बंद राहिलं तरी चालेल.