ना वरच्या मजल्यावर, ना खालच्या

ती. मामांना भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? (मामींचं विचारत नाही, त्या बऱ्या असतात म्हणून तर बाकीचे सगळे बरे असतात.) मी मजेत आहे. फक्त सूक्ष्मदर्शकात बघून बघून डावा डोळा कायमचा बारीक झालाय, त्यामुळे पोस्टमनचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.

मी संग्रहालयात नक्की करते तरी काय, असं तुम्ही विचारलं होतं. मी चिखल काढते, म्हणजे कागदावर. मी ज्यांच्या हाताखाली आहे त्या आमच्या बाई डबक्यातलं पाणी आणतात, थेंबभर काचेवर ठेवतात, आणि त्यात जे पोहतं, वळवळतं किंवा नुसतंच लोळत पडतं, त्याचं मी चित्र काढते. हल्ली पाणी पिण्याआधी ‘माफ करा हं’ म्हणावंसं वाटतं. तर अशाच एका थेंबात बाईंना एक हिरवा जीव सापडला. पानासारखा उन्हावर जगणारा, पण पुढच्या टोकाला केसासारखा चाबूक, आणि तो फिरवत माशागत पळणारा! आता आमच्याकडे सगळ्या सृष्टीची वाटणी झालेली आहे: वरचा मजला झाडांचा, खालचा जनावरांचा. वरचे प्रमुख पाचोळासाहेब (खिशातून कायम वाळकं पान डोकावतं), खालचे कवटीसाहेब (यांच्या टेबलावर कवट्या असतात, स्वतःची जागेवर आहे). दोघंही म्हणत, हिरवा आमचा. त्यावरून जिन्यात समोरासमोर आले तरी एकमेकांना वाट देईनात, आणि मागे आम्ही सगळे खोळंबलेलो.

बाई म्हणाल्या, हा दोघांचाही नाही. अशा जिवांचं तिसरं घर मांडावं लागेल. झालं! संचालकांनी फर्मावलं, त्याला एका मजल्यावर टाका, नाहीतर खोली रिकामी करा. मामा, बाईंचं सगळं आयुष्य त्या खोलीत आहे. मी म्हटलं, “बाई, झाड म्हणून टाका ना. त्याला कुठे कळतंय?”

“त्याला कळत नाही, म्हणून तर आपण खरं बोलायचं,” बाई म्हणाल्या. मी पेन्सिलीला टोक करत बसले. तिला टोक होतंच.

बैठकीला बाईंनी भाषण केलं नाही. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडला आणि म्हणाल्या, “आधी बघून घ्या.” (इतकं भांडून दोघांनीही त्याला पाहिलेलंच नव्हतं!) पाचोळासाहेब वाकले आणि लगेच गरजले, “मुळं! काळी, दाट, स्पष्ट मुळं! झाडच आहे!” मी ओठ चावले. बाईंनी मात्र हसू चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. अगदी हळू म्हणाल्या, “साहेब, डोळा जरा मागे घ्या. त्या आपल्या पापण्या आहेत.” त्यांनी डोळा मागे घेतला. मग लहान मुलासारखे ओरडले, “अहो, हा पळतोय!” कवटीसाहेब त्यांना बाजूला सारून वाकले. “पण केवढा हिरवा आहे हो,” एवढंच म्हणाले. मग दोघं आळीपाळीने बघत राहिले, आणि निघताना जिन्यात ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत अडकले. शेवटी संचालकांनीही वाकून पाहिलं, आणि बाईंची खोली राहिली. जिन्याखाली तिसरं कपाट आलं; वर पाटी, ‘झाडंही नव्हेत, जनावरंही नव्हेत’. मी त्यांच्या जागी असते तर अंगणभर नाचले असते. बाई काचा धूत बसल्या. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, मामा.

तुमची लाडकी,
भाची

ता. क. कपाटाचं उद्घाटन याच आठवड्यात आहे, आणि हिरवा मेला. बाटलीत वाढवलेले एकूण एक. झाडाला ऊन हवं म्हणून पाचोळासाहेब बाटली भर उन्हात ठेवायचे, जनावराला खाऊ हवा म्हणून कवटीसाहेब गुपचूप तिच्यात मटणाचा रस्सा ओतायचे. दोघांच्या मायेत बिचारा उकडून निघाला. बाईंचं डबकंही आटलंय. तुमच्या परसातल्या हौदाचं पाणी हिरवंगार असतं ना? एक बाटली भरून पाठवा. बूच घट्ट नको.

आणखी एक ता. क. हौद घासायचा आळस केलात म्हणून मामी तुम्हाला बोलत असतील, तर त्यांना ठणकावून सांगा की हे शास्त्राचं काम चाललंय. त्यांनी स्वतःच घासून टाकला असेल, तर काही सांगू नका, शेजाऱ्यांचा बघा.