व्लादिवोस्तोकची तयारी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे, दुसऱ्या कोणी वाचायची नाही. तरीही अक्षर सुवाच्य काढतो आहे. कोणी वाचलीच, तर त्याला त्रास नको.

बातमी मोठी आहे. राजिन बंदरावरच्या आमच्या माकूळ मासळीच्या कारखान्यात पैसे घालायला एक परदेशी गुंतवणूकदार येतोय. तेरा तारखेला. नाव फेल्डर. सोबत त्याच्या देशाच्या वकिलातीतल्या एक बाई, प्योंगयांगहून. साऱ्या जगाने आपल्यावर निर्बंध घातलेले असताना हा माणूस येतोय, म्हणजे एक तर तो शहाणा आहे किंवा अगदीच... शहाणा आहे.

दुभाष्या म्हणून मी, ओ म्योंग-हाक. माझ्यावर लक्ष ठेवायला कॉम्रेड टाक. टाकवर लक्ष ठेवायला मी. व्यवस्था चोख आहे.

विभागप्रमुख मिन म्हणाले, काम फत्ते झालं तर व्लादिवोस्तोकच्या व्यापार कचेरीतल्या रिकाम्या जागेचा विचार होईल. माझ्याकडे बघून म्हणाले. (टाक शेजारीच बसला होता, पण नजर माझ्यावर होती.)

संकल्प : रोज दहा रशियन शब्द.

४ नोव्हेंबर

बोक-सिलला सांगितलं, यंदा कोबीची किमची घालू नकोस, हिवाळ्यात आपण इथे नसणार. ती म्हणाली, काम बिघडलं तरी आपण इथे नसणारच.

बायकोला मुत्सद्देगिरी कळत नाही. काम बिघडलं की बायकापोरांसकट वरच्या खाणींकडे पाठवतात हे खरं, पण ते बेपर्वा माणसांना. एवढं समजावलं, तरी संध्याकाळी ती कोबी घेऊन आलीच.

रशियन शब्द : तीन. सुरुवात म्हणून वाईट नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

चुकांची बैठक. दर शनिवारी असते. प्रत्येकाने उभं राहून आपली एक चूक कबूल करायची आणि दुसऱ्या कोणाची तरी एक दाखवायची. टाकचं नि माझं वर्षानुवर्षं जमलेलं आहे. आदल्या दिवशी सिगारेट ओढता ओढता ठरवून घेतो. या खेपेला तो म्हणाला, कॉम्रेड ओ यांची टोपी वाकडी असते. मी म्हणालो, कॉम्रेड टाक बुटांना पॉलिश करत नाहीत. दोघांनी माना खाली घातल्या. छान झालं.

आपल्याबद्दल कोणीतरी काहीतरी बोललं, की समजावं सगळं ठीक आहे. गेल्या वर्षी हिशेबनीस प्योबद्दल बैठकीत कोणी अवाक्षर काढलं नाही. ज्याच्यावर वरच्यांची नजर पडली, त्याच्या टोपीबद्दल बोलून कोण मध्ये येणार? सोमवारी लॉरी आली आणि प्योचं घर रिकामं झालं. पण प्यो होताच तसा. नक्की कसा, ते आता आठवत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रंगीत तालीम. मिनसाहेब पाहुणा झाले. छापील उत्तरं मला तोंडपाठ आहेत. वीज? कधीच जात नाही. माकूळ? भरपूर. निर्बंध? कागदावरची गोष्ट. तालमीत वीज गेली, पण ती धरायची नाही असं मिनसाहेब म्हणाले. गुरुवारी अख्ख्या गावाची वीज तोडून कारखान्याला देणार आहेत. माकूळ साफ करायला संगीत शाळेच्या मुली आणल्या आहेत. कामगार बायकांचे हात पाहुण्यांना दाखवण्यासारखे नाहीत.

मला भीती वाटत नाही. हात कापत होते ते शीतगृहामुळे. (शीतगृह अजून थंड झालेलं नाही, पण होणार आहे.)

संकल्प : टाक हसल्याशिवाय पाहुण्याच्या विनोदाला हसायचं नाही.

आजचा रशियन शब्द एकच. थंडी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. मेजवानीला निघण्यापूर्वी.

वीज टिकली. मुलींनी सुऱ्या छान धरल्या. एकीने उलटी धरली, पण पाहुण्याला काय कळतंय. प्रश्नही कागदावर होते तसेच आले.

मग धक्क्यावर फेल्डर एकदम थांबला आणि मला म्हणाला, "मिस्टर ओ, पैसे तुमचे असते तर तुम्ही इथे घातले असते का?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. हो म्हणावं, तर मी मनातल्या मनात भांडवलदार होऊन बघितलं असा अर्थ. नाही म्हणावं, तर त्याहून वाईट. टाक समुद्राकडे बघू लागला.  बोक-सिल डोळ्यांसमोर आली, आमची पोर सु-ह्यांग आली, खाण आली. पण अशाच वेळी माणसाचा कस लागतो. मी म्हणालो, "मी आधी हिवाळ्यात एकदा येऊन बघितलं असतं. न कळवता."

एका वाक्यात काय काय साधलं! पुन्हा येण्याचं आमंत्रण दिलं, आणि प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही. फेल्डर इतका खूश झाला की माझा हात सोडेना.

टाकला विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, वाऱ्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही. आज वारा नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कालची मेजवानी. प्रांतातले बडे लोक, खेकडे, सोजूच्या बाटल्या. शेवटी फेल्डर पेला घेऊन उभा राहिला. भाषांतराला प्रांताचा दुभाष्या होता, त्यामुळे मला काही सावरून घेता आलं नाही.

"इथे सगळे माझ्याशी गोड बोलले," तो म्हणाला. "खरं बोलले ते एकटे मिस्टर ओ. त्यांच्या सल्ल्यावरूनच मी आज सही करत नाही. हिवाळ्यात येईन. न कळवता."

वकिलातीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. बाकीच्यांच्या चॉपस्टिक्स हातातल्या हातात राहिल्या. नंतर बाई मुद्दाम माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, तुमचं नाव मी आमच्या सरकारला रिपोर्टमध्ये कळवणार आहे. मी म्हटलं, नको. त्यांना तो माझा विनय वाटला.

 पण सकाळी शांतपणे विचार केला. परदेशात पाठवायला परदेशी लोकांना आवडणाराच माणूस लागणार. म्हणजे माझी बाजू उलट भक्कम झाली.

मिनसाहेब आज भेटले नाहीत. कचेरीतच होते, पण भेटले नाहीत.

उद्याचं ठरवायला टाककडे गेलो. सिगारेट पुढे केली, त्याने घेतली नाही. म्हटलं, यावेळी टोपी नको, जरा मोठी चूक काढ. आगाऊ म्हण, तोंडाळ म्हण, मी रागावणार नाही. तो म्हणाला, बघतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बैठकीत मी स्वतःच्या तीन चुका कबूल केल्या. एक पुरते. मिनसाहेबांनी एकही लिहून घेतली नाही.

टोपी मुद्दाम वाकडी घालून गेलो होतो, पार कानावर. टाक उभा राहिला. माझ्याकडे न बघता गोदामवाल्याच्या जांभया देण्यावर बोलला आणि बसला. मग एकेक जण उठला. गोदामवाल्याचं झालं, ड्रायव्हरचं झालं, स्वयंपाकिणीचं झालं. माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

टाकला जिन्यात गाठलं. म्हटलं, "टोपी तरी म्हणायची होतीस रे."

तो थांबला. दोन्ही हातांनी माझी टोपी नीट बसवली. "तुझी टोपी सरळ आहे, म्योंग-हाक," म्हणाला आणि भराभर खाली उतरून गेला.

मला भीती वाटते आहे. खूप. इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकची बायको आली होती. उंबऱ्यातूनच विचारलं, किमचीच्या बरण्या नेऊ का, तुम्ही हिवाळ्यात नसालच ना. म्हणजे माझ्या बदलीची बातमी सगळीकडे पोचलेली दिसते. बोक-सिलने बरण्या दिल्या. एक तेवढी ठेवून घेतली. वाटेत लागेल म्हणाली.

दुपारभर ती बॅग भरत होती. सगळे लोकरीचे कपडे, दोन्ही रजया. सु-ह्यांगने विचारलं, कुठे जायचंय. मी म्हटलं, व्लादिवोस्तोकला.

बोक-सिल रजईची घडी घालायची थांबली. मला वाटलं, आता भांडणार. ती म्हणाली, "अहो सु-ह्यांगचे बाबा, तिला तो थंडीचा शब्द शिकवा ना."

शिकवला. पोरीने लगेच पाठ केला. घरभर म्हणत फिरते आहे. हुशार आहे.

प्योची गोष्ट वेगळी होती. त्याचं सामान बांधून तयार नव्हतं.

उद्या सोमवार.

संकल्प : दारावर पहिली थाप पडली की लगेच उघडायचं. शेजाऱ्यांना त्रास नको.