काळं कापड, तीन मीटर

३ ऑक्टोबर, मंगळवार
नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "ठेव तिथं" असं म्हणून बसलो! आता भोगा.

पुतणी आली होती. दादाच्या कपाटात कापड सापडलं म्हणे. काळं, लोकरीचं, घट्ट विणीचं. असं कापड हल्ली मिळत नाही. दादाने तिच्यासाठीच घेऊन ठेवलं होतं आणि स्वतः निघून गेला. चोवीस तारखेला ती वकील म्हणून पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार. "काका, कोट तुम्हीच शिवायचा. बाबा असते तर दुसऱ्या कुणाकडे गेले असते का?"

बरोबर तीन मीटर. वर बोटभर तुकडा नाही. चुकलं तर चुकलं.

मार्चपासून मी कात्री उचललेली नाही हे तिला कुणी सांगितलं नाही वाटतं.

४ ऑक्टोबर, बुधवार
मार्चचं लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यात घुमायचं थांबेल. शेजारच्या डॉक्टरांचा कोट. एक बाही आखली की कागदी साचा उलटा करून दुसरी आखायची — शिकाऊ पोरालाही कळतं. मी उलटा केलाच नाही. दोन्ही बाह्या उजव्या! पन्नास वर्षांच्या धंद्यानंतर!

डॉक्टर हसले. "हरकत नाही, मीच दुसरा उजवा हात बसवून घेतो." भला माणूस. भल्या माणसांचा फार राग येतो अशा वेळी. शिव्या तरी घालायच्या होत्या.

शिवायची मला भीती नाही. शिवलेलं उसवता येतं. कापलेलं?

६ ऑक्टोबर, शुक्रवार
जावईबापूंचा फोन. मन खंबीर करायचं कुठलंसं पुस्तक वाचताहेत. "आरशात बघून रोज म्हणायचं, मी समर्थ आहे." म्हणून पाहिलं. आरशातल्या म्हाताऱ्याची एका गालाची दाढी राहून गेली होती. समर्थ!

आणि डोक्यातला तो जुना आवाज. पाचवीत तपासणीला इन्स्पेक्टर आले होते. मी दीपस्तंभाची कविता म्हणायला उभा राहिलो. किती आवडायची ती! अजून डोळे मिटले की शाईचा वास येतो, खिडकीतून ऊन येतं, पहिली तीन कडवी समुद्रासारखी येतात. त्या दिवशीही आली. चौथं आलं नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, "ह्याला येत नाही. पुढचा!"

दोनच वाक्यं. माणूस केव्हाच मेला असेल. माझ्या डोक्यातली खोली मात्र सोडत नाही. खडू हातात घेतला की म्हणतो — ह्याला येत नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार
आखणी झाली. पाठ, दोन्ही पुढचे भाग, कॉलर, बाह्या. साचा उलटा केला. करताना मोठ्याने म्हटलं, "उलटा केला!" आतून ही म्हणाली, "कोण उलटला?"

११ ऑक्टोबर, बुधवार
कात्री घेतली, ठेवली. घेतली, ठेवली. हात थरथरतो. पानं हलावीत तसा. (चांगली उपमा आहे. कापताना काय उपयोग?)

ही रोज सकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर दहा मिनिटं डोळे मिटून बसते. उठते तेव्हा चेहरा धुतल्यासारखा. कापड आलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं, "माझ्यासाठी माग काहीतरी." "तुमचं तुम्ही मागा, कविराज. तोंड आहे ना?"

मागितलं. आठ दिवस मागतोच आहे! देवा, राज्य मागतोय का मी? आयुष्य वाढवून मागतोय? एक सरळ रेघ! हात स्थिर कर एवढंच. जरासुद्धा केला नाहीस. ऐकू येत नाही की ऐकायचं नाही?

१२ ऑक्टोबर, गुरुवार
पुतणीचा फोन. "झालं का काका?" "होतंय." कसलं होतंय, कपाळ!

दुसऱ्या शिंप्याकडे द्यावं हे बरं. सांगून टाकतो उद्या.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
सांगायला फोन उचलला. ही समोर. एवढंच म्हणाली, "द्या. पण मग दुकानाची पाटीही काढून ठेवा. उगाच लोकांना आशा नको." आणि भाजी चिरायला गेली.

संताप आला. हिचा, दादाचा, त्या इन्स्पेक्टरचा, वर बसलेल्याचा. त्याच संतापात टेबलाशी गेलो. हात जोडले नाहीत. उभ्या उभ्याच बोललो — हात थरथरायचा तो थरथरू दे. तुला जमत नसेल तर राहू दे. चुकलो तर मी चुकलो. पण मी चुकत असताना इथून उठून जाऊ नकोस. एवढं तरी कर!

असं भांडल्यासारखं आजवर कधी बोललो नव्हतो. खोली तीच. टेबल तेच. पण एकटा नव्हतो. याहून जास्त लिहिता येत नाही मला.

मग कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकवलं आणि लख्ख आठवलं! पातं टेबलावरून उचलायचंच नाही. भार टेबलाचा, हात नुसता पुढे जाणारा. चाळीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडलो हे. आणि महिनोन्‌महिने स्वतः कात्री अधांतरी धरून कापायचा विचार करत होतो. थरथरणार नाही तर काय!

इन्स्पेक्टर बोललेच. म्हटलं, "बसा साहेब. खुर्ची घ्या. मला काम आहे."

मुंढ्याचं वळण — जिथे बाही बसते ते — एका दमात कापलं. अगदी खडूच्या रेघेवर.

१५ ऑक्टोबर, रविवार
दोन बाह्या. एक डावी, एक उजवी! चार वेळा पाहिल्या.

आवाज गेलेला नाही. सकाळी परत आला होता. मीही परत बोललो वरच्याशी. हे रोजचंच राहणार दिसतंय, दात घासण्यासारखं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
अंगावर घालून पुतणी वळली. खांद्यात एक चुणी नाही. "काका, बाबांचं कापड आहे हे," म्हणाली आणि रडली. अस्तरावर पाणी पडलं असतं. ओरडलो.

२४ ऑक्टोबर, मंगळवार
कोट कोर्टात गेला. चहा घेताना हिला म्हटलं, "तुझ्या त्या दहा मिनिटांचं फळ हे." हिने एक घोट घेतला. मग म्हणाली, "मी काही म्हणत नाही हो तिथं. किती वर्षं झाली. पलीकडे कुणी नाहीसंच वाटतं. तुम्हाला आधार वाटतो म्हणून बसते." कप खाली ठेवला. "तुम्ही त्या दिवशी भांडत होतात ते मी ऐकलं. तुम्हाला खरंच कुणी असल्यासारखं वाटलं?"

म्हटलं, "वाटलं." आणि म्हटलं, "उद्या तू नुसती बस. बोलायचं मी बघतो."