गळाला लावलेलं शिसं

बाबा, त्या रविवारी तुझ्या गळाला शिसं मी लावलं होतं. काल माझ्या मुलीने विचारलं, आजोबांनी मासेमारी का सोडली? मी सवयीने म्हणालो, "त्यांचा हात चालेना." तिला ते पटलं आणि ती अभ्यासाला बसली. मी मात्र भरल्या ताटावरून उठलो.

तू माझ्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आलास तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण बोटं शाबूत होती. तांबोशी धरायची तुझी रीत वेगळी. वजनाला शिसं अजिबात नाही. खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या, वरच्या अंगाला होडी नांगरायची आणि गळाला आमिष म्हणून माकुलाचा तुकडा लावून ओहोटीच्या पाण्यावर सोडून द्यायचा. तो पाण्याबरोबर वाहत वाहत आपसूक खाली जातो. दोरी बोटांतून सोडत राहायची, ताणायची नाही. "तांबोशी शानी हाय," तू म्हणायचास, "आपली घाई तिला दोरीतून समजते." एकेका खेपेला अर्धा तास जायचा आणि तुला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

त्या दिवशी माझ्या चुलतभावाच्या होडीतून आपण करंज्याहून निघून पार लांबच्या खडपावर आलोय. मला चार वाजता कामोठ्याला मुलीच्या क्लासच्या पालकसभेला पोचायचंय. तुला नीट दिसत नाही म्हणून तुकडा मीच लावतोय. दोन खेपा रिकाम्या गेल्या तशी मी माकुलाच्या आत शिशाची गोळी खुपसली. लवकर तळाला जाईल, एखादी लागेल, की निघू, एवढंच डोक्यात होतं. दोरी वाहत न जाता सरळ खाली गेली, आणि मासा काही लागला नाही. तू दोरी बोटांत पुन्हा पुन्हा चाचपलीस. मी दोरी वर घेतो, तुकडा बदलतो, शिसं पुन्हा आत. असं तीनदा. तुला संशय आला नाही, कारण तुकडा लावणारा मी होतो. मग तू दोरी गुंडाळायला लागलास. "हाताला पान्याची ओढ लागत नाय आता," म्हणालास. मी म्हणालो, "वय झालं बाबा, चालायचंच."

पालकसभेला मी वेळेत पोचलो. दुसऱ्या दिवशी तू सगळ्या दोऱ्या चुलतभावाला देऊन टाकल्यास. पुढची चार वर्षं, अगदी जाईपर्यंत, गॅलरीत खुर्ची टाकून बसायचास, अंगठा बोटांवर घासत. एकदा विचारलंस, "माजं काय चुकत होतं रं त्या दिवशी?" मी म्हणालो, चहा निवतोय. हे आठवलं की मला माझ्या तोंडाची लाज वाटते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि चुलतभावाला दाखवायची माझी हिंमत नाही. शिसं घाईत लावलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण नंतर चार वर्षं तू शेजारच्याच खोलीत होतास आणि मला कुठेही पोचायचं नव्हतं. खरं सांगतो बाबा, तू घरी बसलास आणि माझे रविवार मोकळे झाले, ते मला सोयीचं झालं होतं.