गाडी रद्द म्हणालात तेव्हा

अण्णा, आज रविवार आहे. आई आत जरा लवंडली आहे आणि मी डोंबिवलीच्या या घराच्या गॅलरीत बसून तुम्हाला लिहिते आहे. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. मी कसली नोकरी करते तेही तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही होतात तेव्हा ते यंत्र निदान आपल्या ठाण्यात तरी आलेलं नव्हतं. एमआरआय म्हणतात त्याला. भलाथोरला लोहचुंबक. त्याच्या पोटात माणसाला आडवं सरकवायचं आणि आपण काचेमागे बसून त्याच्या डोक्याच्या आतलं चित्र बघायचं. काचेमागे माझ्यासमोर एक माईक असतो. आत पडलेल्या माणसाशी मी त्यावरूनच बोलते, हलू नका, डोळे मिटा, आता आवाज सुरू होईल, घाबरू नका. पहिल्या दिवशी त्या माईकचं बटण दाबलं आणि तुमची अशी काही आठवण झाली की माझ्या तोंडून शब्दच फुटेना. आतला माणूस बिचारा वाट बघत पडून राहिला.

तुमचा माईक खोपटच्या एसटी डेपोतला. कोंदट केबिन, खिडकीची जाळी धुळीने बुजलेली, टेबलावर गाड्यांचं वेळापत्रक आणि ज्येष्ठमधाची पुडी. माईकला तुम्ही घरचा धुतलेला रुमाल गुंडाळायचात, दुसऱ्या कुणाचा श्वास तुम्हाला चालायचा नाही. मी तेव्हा शाळेत होते आणि तोंडातल्या तोंडात बोलायचे. बाईंनी तुमच्याकडे तक्रार केली, आणि एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला बरोबर डेपोत नेलंत. त्या दिवशी बोरिवलीची गाडी बिघडून पडली होती. मी हट्ट धरला म्हणून ती घोषणा तुम्ही मला करू दिलीत. आधी चार वेळा मनातल्या मनात म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण मी ती एका दमात म्हणून टाकली आणि फुशारून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माईक ओढून घेतलात, खाकरलात, आणि सगळं पुन्हा म्हणालात, सावकाश. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. घोडबंदरमार्गे बोरिवलीला जाणारी गाडी काही कारणामुळे रद्द करण्यात आली आहे. जाळीतून मला फलाटावरची माणसं दिसत होती. सगळ्यांनी माना वर केल्या होत्या.

मग माईक बंद करून तुम्ही माझ्याकडे वळलात. "रद्द सांगताना घाई करायची नाही. आधी खाकरायचं, म्हणजे लोक ऐकतात. थांबायचं की घरी परतायचं, हे त्यांना त्यावरून ठरवायचं असतं." मला रडू आलं. येताना तुम्ही लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्यात, पण रागावला नव्हतात असं काही म्हणाला नाहीत. तुमचा स्वभावच तसा. गोळ्या द्यायच्या आणि विषय संपवायचा.

तुमची वाचा गेली तीही त्याच माईकसमोर. भिवंडीची गाडी सुटत होती आणि तुम्ही 'सुट' वरच अडकलात. पुन्हा पुन्हा तेच. फलाटावर लोक हसायला लागले, असं डेपोतल्या लोकांनी नंतर आम्हाला सांगितलं. कुणाच्या लक्षात येऊन केबिनचं दार उघडेपर्यंत तुमचं उजवं अंग गेलेलं होतं. सरकारी दवाखान्यात तुम्ही डाव्या हाताने नळी उपटलीत म्हणून त्यांनी तुमचा तो हातही पलंगाला बांधून ठेवला. आई रोज तो हात धरून बसायची आणि तुम्ही छताकडे बघत राहायचात. घरी आणल्यावर कितीतरी दिवस नुसता घशातला आवाज. आणि मग एका सकाळी, माजिवड्याच्या आपल्या चाळीत, मी स्टोव्हला पंप मारते आहे आणि मागून तुमचा खणखणीत आवाज येतो, फलाट क्रमांक दोनवरून भिवंडीला जाणारी गाडी सुटत आहे. आई धावत आली. अण्णा बोलले म्हणून तिने चाळभर साखर वाटली.

साखर वाटायची घाई झाली. तुमच्याकडे तेवढंच उरलेलं होतं. पाणी म्हणता येत नव्हतं, आईला हाक मारता येत नव्हती, पण अख्खी घोषणा एका अक्षराची चूक न करता यायची. येणारेजाणारे मुद्दाम तुमच्यासमोर बसून राहायचे, कधी बोलताय म्हणून. काका म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि आपल्याच बोलण्यावर हसले. मला त्यांचा संताप आला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे बोलणं नव्हे, वर्षानुवर्षांची घोकणी आहे, ती मेंदूत वेगळ्या जागी राहते आणि म्हणून वाचते. त्यात अर्थ शोधत बसू नका, असंही म्हणाले.

आईने त्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन अर्थ लावायला बसली. भिवंडी म्हणालात की तुम्हाला पाणी हवं. बोरिवली म्हणालात की कूस बदलायची. आवाज चढला तर खिडकी उघडायची. "अहो, देते ना, जरा दम धरा," असं तुमच्या भिवंडीला तिचं उत्तर असायचं. मी कॉलेजात शास्त्र शिकत होते, मला ते बघवायचं नाही. तुम्ही पाणी प्यायचात, हे खरं. पण तोंडाशी आलेलं पाणी माणूस तहान नसली तरी पितो. मी हे तिला एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, तुझं लग्न झालं की कळेल. ते काही झालं नाही, तेव्हा कळायचंही राहिलंच.

त्या संध्याकाळचं सांगते. तुमच्या छातीत कफ दाटला होता, ताप होता, श्वासाला घरघर लागली होती. मी नाक्यावरून रिक्षा आणली. तुमच्या चपला कशाला घेतल्या होत्या कोण जाणे, तुम्हाला उचलूनच न्यायचं होतं, पण त्या हातात धरून मी दारात उभी होते. आई तुमच्या खांद्यावर शाल घालत होती. तुम्ही खाकरलात. मग म्हणालात, प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. गाडी रद्द करण्यात आली आहे.

आजारपणात तुम्ही कधीही रद्द म्हणाला नव्हतात. भिवंडी सुटायची, बोरिवली सुटायची, सगळ्या गाड्या सुटायच्या. आईने शाल पुन्हा काढली, तुमच्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "रिक्षा परत पाठव. त्यांना जायचं नाहीये." मी म्हटलं, अगं, ते घोकणं आहे. ती म्हणाली, पाठव. मी खाली जाऊन रिक्षा परत पाठवली. उजाडायच्या आत तुम्ही गेलात, हात मोकळे होते तुमचे. तेराव्याला काकू सगळ्यांसमोर म्हणाली की वेळेवर नेलं असतं तर माणूस हाती लागला असता. आई पानं वाढत होती, ती वाढत राहिली. त्यावर ती कधी कुणाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही.

मी या कामात का आले असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी ठोकून देते. तुम्हाला खरं सांगते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि गंमत म्हणजे लागतं त्याहून जास्त धावतं. जत्रेला तुम्ही जादा गाड्या सोडायचात आणि बऱ्याच सीटा रिकाम्या राहायच्या, तसंच. वापरला न गेलेला तो ऑक्सिजन रक्तात शिल्लक राहतो, आणि ऑक्सिजन असलेलं रक्त लोहचुंबकात नसलेल्यापेक्षा किंचित निराळं वागतं. तेवढा फरक आम्ही पकडतो. कवटीला हात न लावता कळतं की आता इथे काम चाललं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही, फक्त तुम्ही आणि तुमची रद्द गाडी.

आमच्या मॅडम, म्हणजे हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टर, रविवारी पेशंट नसताना हे संशोधन करतात. मध्यंतरी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी आणली होती. तिचंही उजवं अंग गेलेलं, आणि तोंडात मासळी विकायची हाळी तेवढी उरलेली. सून तिच्या कानातलं, नाकातलं सोडवत म्हणाली, "आमची आय बोलते, पन काय बोलते ते तिलाच म्हाईत." आत गेल्यावर हाळी मनातल्या मनात घालायची होती. म्हातारीने ती खरीखुरी घातली, यंत्राच्या ठोक्यांवरून ऐकू येईल अशी, आणि मान हलून चित्र फिसकटलं. मी काचेमागे हसले आणि मग मला हसवेना. पुन्हा घेतलं. डावीकडे काळोख, तिथलं सगळं मेलेलं. उजवीकडे एक डाग उजळला. मी मॅडमना विचारलं, तिला कळतंय का ती काय म्हणते आहे ते? त्या म्हणाल्या, रक्त गेलं एवढं दिसतं, ते कशासाठी गेलं हे यंत्र सांगत नाही. मी मान डोलावली. इतकी वर्षं अभ्यास करून मी तिथवर आले होते, आणि तिथे भिंत होती.

त्या म्हातारीची गोष्ट मी आईला सांगायला नको होती. पण आज सकाळी आम्ही बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो आणि बोलता बोलता सांगून गेले. आईचे हात थांबले. मग वालाकडेच बघत तिने विचारलं, "तुझ्या मशीनमध्ये ते दिसतं का गं? माणूस उगाच बडबडतो की मनापासून बोलतो ते?"

मी म्हटलं, दिसतं.

"आणि ह्यांचं?"

मी म्हटलं, तसल्या माणसांचं मनापासूनच असतं आई, आम्ही बघितलं.

ती वाल सोलत राहिली, सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. आधी खाकरले होते ना ते." जेवली नीट, आणि आता झोपली आहे. दुपारी तिला झोप लागलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

ती उठायच्या आत हे फाडून टाकायला हवं. माझे कागद ती आवरते, आणि चष्मा लावून वाचतेही. यंत्रात तसं काही दिसत नाही, अण्णा. आणि त्या दिवशी तुम्ही दुपारपासूनच खाकरत होतात.