तिसऱ्या दिवशीचा फोन

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर मी हवापाण्याच्या पुढे सरकतच नाही, म्हणून लिहायला घेतलं. छकुलीचा पुढचा दात आला का? तिचं पायमोजे फेकून देण्याचं खूळ गेलं का?

मला नोकरी लागल्याचं तुला कळलं असेलच. मोठ्या इस्पितळात, रक्ताच्या आजारांच्या विभागात. महामारीच्या वर्षी ज्यांना तीव्र ल्युकेमिया, म्हणजे दादासारखा रक्ताचा कर्करोग झाला, त्यांचं निदान किती लांबलं आणि पुढे काय झालं, याचा अभ्यास चालू आहे. मी जुन्या फायली वाचून फॉर्म भरते. त्या वर्षी कुठलाही ताप आला की लोक एकच नाव घेत. कुणी इस्पितळाच्या धास्तीने घरी बसलं, कुणाला दारातूनच परत पाठवलं. एका आजोबांनी हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तीन टूथब्रश बदलले. मला हसू आलं, आणि मग पुढचं पान उलटवेना.

मी शिकावं म्हणून दादाने दहावीनंतर गॅरेज धरलं. मी पदवीधर झाले तेव्हा तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या घरात आता सगळं मास्तरीणबाईंना विचारून." त्याची थट्टा होती, मी ती खरी धरली. हात कसे धुवायचे, दुधाची पिशवी कशी आत घ्यायची, सगळं मी दूर माझ्या खोलीत बसून फोनवर ठरवायचे. दादाला ताप आला तेव्हा चौदा दिवस आतल्या खोलीत, हेही मीच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "अगं, यांच्या मांड्यांवर काळेनिळे डाग उठलेत. दवाखान्यात नेते." मी म्हटलं, गॅरेजवाल्याच्या अंगावर डाग नसतील तर कुणाच्या असतील? त्यावर तू म्हणालीस, "गॅरेज बंद होऊन महिना झाला, मास्तरीणबाई. मग डाग आणले कुठून?" एवढा साधा, बरोबर प्रश्न. आणि मी विज्ञानाची पदवीधर तुला म्हणाले, "तू दहावी नापास, मला शिकवू नकोस. तिथे नेलंस आणि त्याला लागण झाली, तर जबाबदार तू." तू हळूच फोन ठेवलास.

अकराव्या दिवशी तो न्हाणीघरात कोसळला. तू एकटीने त्याला शेजाऱ्यांच्या टेम्पोतून नेलंस. चार दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला.

पुढे सगळे जमले तेव्हा आत्या तुझ्या तोंडावर म्हणाली, "बायकोच्या लक्षात येऊ नये?" आईने मान फिरवली. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस. मीही गप्प राहिले. तू छकुलीला घेऊन माहेरी निघालीस, तेव्हा मी तुझ्या बॅगा रिक्षापर्यंत उचलल्या आणि स्वतःला चांगली समजले.

गेल्या आठवड्यात दादाची फाइल माझ्या टेबलावर आली. 'उशिराचं कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'घरच्यांच्या लक्षात आलं नाही.' कागदावरसुद्धा मी तुझ्यावरच ढकललं, वहिनी. मोठ्या डॉक्टरीणबाई फाइल चाळत म्हणाल्या, "या प्रकारातले बरेच जण आठवडाभर आधी आले, तर चालत घरी जातात." तो फॉर्म मी रद्द केला. नव्यावर लिहिलं, 'पत्नीने तिसऱ्या दिवशी सांगितलं. बहिणीने थांबवलं.' ती बहीण मीच, हेही बाईंना सांगितलं. मग रविवारी आई आणि आत्याला समोर बसवून सगळं सांगितलं. आत्या उठून आत गेली. आई म्हणाली, "मग ती कधी बोलली का नाही?" आता आई तुला फोन करणार आहे आणि हेच विचारणार आहे. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून धावपळ. वहिनी, या वेळी मला पाठीशी घालू नकोस.

तुझीच,
धाकटी नणंद